‘उलट क्रमाने बसवा’ : एका वाक्याची तपासणी

मोटारदुरुस्तीच्या पुस्तिका ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना एक वाक्य नक्की भेटलेले असेल. पंप असो, डायनामो असो की गिअरबॉक्स, तो भाग खोलून काढण्याच्या दहा-पंधरा पायऱ्या पुस्तिकेत चित्रांसह क्रमाने दिलेल्या असतात. मग तो परत बसवायची वेळ येते आणि पुस्तिका एका ओळीत हात झटकते. बसवण्याची कृती काढण्याच्या उलट क्रमाने करावी, एवढेच ती सांगते.

हे वाक्य सोयीचे आहे. त्यामुळे छपाईची निम्मी पाने वाचतात. पण ते खरे आहे का? या लेखात आम्ही त्या एका वाक्याची तपासणी करणार आहोत. उदाहरण म्हणून मोटारीचा पाण्याचा पंप घेऊ. शिक्षकांच्या मासिकात हा विषय कशाला, असे कुणी विचारील. त्याचे कारण शेवटी येईल. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांतही याच जातीचा एक दोष आहे, असे आमचे मत आहे.

आधी ऋण मान्य करू

दोष दाखवण्यापूर्वी या पुस्तिकांचे उपकार सांगितले पाहिजेत. इंग्लंडमध्ये जॉन हेन्स नावाच्या शाळकरी मुलाने १९५६ मध्ये ‘ऑस्टिन सेव्हन’ या छोट्या गाडीपासून स्वतःची खास गाडी कशी बनवावी यावर एक पुस्तिका काढली. पुढे १९६६ मध्ये त्याने ‘ऑस्टिन-हीली स्प्राइट’ या गाडीची संपूर्ण दुरुस्ती-पुस्तिका प्रसिद्ध केली. पद्धत साधी होती. गाडी प्रत्यक्ष खोलायची, प्रत्येक पायरीचे छायाचित्र घ्यायचे, आणि पुन्हा जोडायची. अशा पुस्तिकांमुळे अनेक देशांतल्या साध्या गाडीमालकांना हातात पाना घेण्याची हिंमत आली. हेन्स २०१९ मध्ये वारले.

अमेरिकेत जॉन म्यूर यांनी १९६९ मध्ये ‘फोक्सवॅगन’च्या मालकांसाठी लिहिलेले पुस्तक वेगळ्या वळणाचे आहे. ते मित्राशी गप्पा माराव्यात तसे लिहिलेले आहे आणि वाचणाऱ्याला यंत्राचे काहीही ठाऊक नाही असे धरून चालते. योगायोग असा, की ती ‘बीटल’ गाडी हवेने थंड होणारी होती. तिला पाण्याचा पंपच नव्हता!

थोडक्यात, यंत्र ही फक्त मिस्त्रीची मिरास नाही, हे या पुस्तिकांनी शिकवले. आमची तक्रार आहे ती त्यापुढची.

एका रविवारची गोष्ट

आमच्या घरी वडिलांची एक जुनी अँबेसेडर होती. पश्चिम बंगालमध्ये उत्तरपाड्याला या गाड्या २०१४ पर्यंत बनत असत. मूळ घराणे इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचे. जुन्या अँबेसेडरचे १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन शिकण्यासाठी फार चांगले, कारण सगळे समोर दिसते. इंजिनाच्या पुढच्या अंगाला पाण्याचा पंप, त्याच्याच शाफ्टवर पुली आणि पंखा. एकच पट्टा पंप, पंखा आणि डायनामो तिघांनाही फिरवतो.

पंपाच्या अंगावर खालच्या बाजूला एक बारीक भोक असते. आमच्या पंपाच्या त्या भोकातून थेंब थेंब पाणी गळू लागले होते. हे भोक मुद्दाम ठेवलेले असते. पंपात एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला शाफ्टचे बेअरिंग, मध्ये एक सील. सील झिजले की पाणी बेअरिंगकडे जाण्याऐवजी त्या भोकातून बाहेर पडते. म्हणजे ते भोक ही गळती नव्हे, सूचना आहे. ते एम-सील लावून बुजवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. निरोप्याचे तोंड दाबल्याने बातमी बदलत नाही. पाणी मग बेअरिंगमध्ये जाते आणि तेही खलास होते.

पंखा हाताने पुढे-मागे हलवून पाहिला, तर शाफ्टही डुगडुगत होता. पंप बदलणे भाग होते. एक दुरुस्ती-पुस्तिका जवळ होती. इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीची एक वायर काढली. रेडिएटरची तोटी उघडून पाणी बादलीत घेतले. होज पाइप सोडवून रेडिएटर बाहेर काढला. डायनामोचे बोल्ट सैल करून पट्टा उतरवला. मग पंखा, पुली आणि शेवटी पंपाचे बोल्ट. पंप चिकटून बसला होता, लाकडी हातोडीने हलकेच ठोकल्यावर सुटला. दोन तास गेले, पण काम सरळ झाले.

मग आम्ही ‘उलट क्रम’ धरला. नवा पंप, पट्टा, रेडिएटर, होज, पाणी, झाकण, बॅटरी. इंजिन सुरू केले. तापमानाचा काटा बराच वेळ निवांत होता आणि मग एकाएकी लाल खुणेकडे झेपावला. घाईने इंजिन बंद केले. रेडिएटरला बाहेरून हात लावला तर तो जवळजवळ थंड! इंजिन भाजत होते आणि रेडिएटरला त्याची वार्ताही नव्हती.

आम्ही पुन्हा पुस्तिका उघडली. सगळ्या पायऱ्या बरोबर होत्या. गावाहून आलेला आमचा मामेभाऊ ओट्यावर चहा पीत हे पाहत होता. तो म्हणाला, “दादा, मोटारीनं हवा धरलीय.”

विहिरीवरचा पंप आणि गाडीतला पंप

त्याला गाडीतले काही ठाऊक नव्हते. पण विहिरीवरची मोटार त्याने शेकडो वेळा चालवली होती. फूटव्हॉल्व्ह गळका असला, की रात्रीतून सक्शनचा पाइप रिकामा होतो. सकाळी मोटार सुरू केली तर ती नुसती घरघरते, पाणी येत नाही. मग वरून बादलीने पाणी ओतून पाइप भरावा लागतो. खेड्यातल्या मुलांना हे पाठ असते.

दोन्ही पंप एकाच कुळीचे, अपकेंद्री. आतले पात्यांचे चक्र पाण्याला फिरवून बाहेर फेकते. असा पंप ठरावीक गतीला द्रवाचा ठरावीक उंचीचा स्तंभ पेलू शकतो. समजा ती उंची ३ मीटर आहे. चक्रात पाणी असेल तर ३ मीटर पाण्याच्या स्तंभाचा दाब मिळेल, हवा असेल तर ३ मीटर हवेच्या स्तंभाचा. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट असते. म्हणून हवेत फिरणारे तेच चक्र पाण्याच्या हिशेबात ४ मिलिमीटरसुद्धा उंची पेलू शकत नाही. पंप फिरत असतो, पण काहीच वाहत नाही.

गाडीत आणखी एक अडचण होती. इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वाटेवर थर्मोस्टॅट असतो. त्याच्या डबीत मेण भरलेले असते. साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान, ज्या तापमानासाठी तो बनवला असेल तिथे, मेण वितळून फुगते आणि झडप उघडते. थंड इंजिनात झडप बंद असते. आम्ही घाईने पाणी भरले तेव्हा इंजिनातली हवा त्या बंद झडपेखाली अडकून पडली. थर्मोस्टॅटच्या भोवती पाणी नव्हते, म्हणून तो वेळेवर उघडला नाही. तापमान मोजणारा भागही हवेतच होता. म्हणून काटा आधी खोटा दिलासा देत राहिला, आणि गरम पाणी व वाफ तिथे पोहोचल्यावर एकदम उडाला.

उपाय सोपा निघाला. इंजिन थंड होऊ दिले. गाडीचे तोंड चढाकडे केले, म्हणजे रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच झाले. पाणी सावकाश ओतत होज हाताने दाबत राहिलो. मग थंड इंजिन झाकण न लावता सुरू केले. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबलो, बुडबुडे संपेपर्यंत पाणी घालत राहिलो आणि मगच झाकण लावले. पुष्कळ थर्मोस्टॅटना एक बारीक भोक आणि त्यात हलणारी पिन असते, ती हवा निसटण्यासाठीच. ती वरच्या बाजूला यावी अशी बसवायची असते.

काय उलटते आणि काय उलटत नाही

आता वाक्याकडे परत येऊ. खोलण्याची चित्रफीत उलटी फिरवली तर पडद्यावर जोडणी दिसेल. बोल्ट आत जातील, पट्टा चढेल. पण भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना माहीत आहे, की उलटी फिरवलेली प्रत्येक चित्रफीत निसर्गाला मंजूर नसते. पुस्तिकेचे वाक्य वस्तूंच्या जागांविषयी खरे आहे, वस्तूंच्या अवस्थांविषयी नाही. पंपाच्याच कामात पाहा.

पाणी काढले तेव्हा त्याच्या जागी हवा आपोआप शिरली. पाणी भरताना हवा आपोआप बाहेर जात नाही.

गास्केट एकदा दाबले गेले की दबलेलेच राहते. जुने परत बसवता येत नाही. त्याचे चिकटलेले तुकडे खरवडून दोन्ही पृष्ठे साफ करणे, पट्टी धरून ती सपाट आहेत का पाहणे, ही पायरी उलट क्रमात कुठेच येत नाही.

बोल्ट सोडताना किती जोर लावला हे लक्षात ठेवून काही उपयोग नाही. बसवताना ते समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळायचे असतात. एकच बोल्ट आधी घट्ट केला तर पंपाचे अंग तिरके बसते आणि गास्केट एका बाजूने गळते.

पट्टा उतरवताना त्याचा ताण शून्य होतो. चढवताना तो ठरवावा लागतो. अशा गाडीत लांब बाजूच्या मध्यभागी अंगठ्याने दाबल्यावर पट्टा सुमारे अर्धा इंच दबावा. सैल पट्टा घसरतो. अतिघट्ट पट्टा पंपाच्या बेअरिंगवर सतत ओढ ठेवतो, आणि नवा पंप वर्षभरात पुन्हा डुगडुगू लागतो.

शहाणा मिस्त्री हे सगळे जाणतो. पुस्तिकेचे ते वाक्य त्याच्यासाठी पुरेसे आहे, कारण गाळलेल्या जागा त्याचे हात भरून काढतात. पण पुस्तिका लिहिली जाते ती नवशिक्यासाठी. ज्याला गरज नाही त्याला पुरणारे आणि ज्याला गरज आहे त्याला न पुरणारे, असे हे वाक्य आहे. हा आमचा मुख्य आक्षेप.

न विचारलेला प्रश्न

दुसरा आक्षेप असा, की पंप कसा बदलावा हे पुस्तिका सांगते, तो का बिघडला हे बहुधा विचारत नाही.

रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घालण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास होती. हे पाणी पुष्कळ ठिकाणी दुष्फेन असते. त्यातले विरघळलेले कॅल्शिअम बायकार्बोनेट तापल्यावर अविद्राव्य कॅल्शिअम कार्बोनेट होते आणि सर्वांत गरम पृष्ठभागावर थर धरते. ही पुटे ओतीव लोखंडापेक्षा कितीतरी पटींनी कमी उष्णता वाहून नेतात. शिवाय साध्या पाण्यात लोखंड गंजते. गंजाचे कण पाण्याबरोबर फिरत सीलची घासूनपुसून केलेली पृष्ठे खरवडतात. एकदाच भरलेल्या पाण्यात क्षार मोजकेच असतात. पण गळक्या गाडीत रोज नवे पाणी, म्हणजे रोज नवे क्षार. गळती पुटे वाढवते, पुटे तापमान वाढवतात, आणि तापमान गळती वाढवते.

म्हणून ऊर्ध्वपातित पाणी आणि कूलंट वापरायचे. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कूलंट पाण्यापेक्षा ‘जास्त थंड’ करतो असे लोक समजतात. पाण्याची विशिष्ट उष्णता सुमारे ४.२ किलोज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति अंश, तर इथिलीन ग्लायकॉल आणि पाण्याच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणाची सुमारे ३.५. उष्णता वाहण्यात मिश्रण कमीच पडते. त्याची खरी कामे वेगळी आहेत. त्यातली रसायने गंज रोखतात, मिश्रणाचा उत्कलनबिंदू थोडा वाढतो, आणि थंड प्रदेशात ते उणे ३५ अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. ही रसायने हळूहळू संपतात, म्हणून कूलंट ठरावीक मुदतीने बदलावा लागतो. काढलेला कूलंट मात्र उघडा ठेवू नये. तो चवीला गोड आणि विषारी असतो. मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना त्याचा धोका आहे.

तसाच दुसरा गैरसमज थर्मोस्टॅटचा. “आपला गरम देश, इथे तो कशाला?” असे म्हणून गॅरेजमध्ये तो काढून टाकत. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन बराच वेळ गरजेपेक्षा थंड चालते. पेट्रोल नीट वाफाळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून तेल पातळ करते, झीज वाढते. उलट कुणी असेही सांगतो, की थर्मोस्टॅट काढला तर पाणी इतक्या जोरात जाते की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही. हेही चूक. एका फेरीत पाणी कमी थंड होते हे खरे, पण फेऱ्या वाढतात. बेरीज केली तर बाहेर पडणारी उष्णता कमी होत नाही.

पाठ्यपुस्तकाची उलटी बाजू

आता शाळेकडे येऊ. विशिष्ट उष्णतेच्या पाठात मोटारीच्या रेडिएटरचा उल्लेख बहुधा असतो. पाण्याची विशिष्ट उष्णता जास्त म्हणून ते रेडिएटरमध्ये वापरतात, एवढे एक वाक्य. मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि एक गुण मिळवतात. पुस्तिका ‘कसे’ सांगून ‘का’ गाळते, पाठ्यपुस्तक ‘का’ सांगून ‘कसे’ आणि ‘किती’ गाळते. दोघांमध्ये एक दरी राहते आणि त्या दरीत माणसे खरोखर भाजतात.

रेडिएटरच्या झाकणाचेच उदाहरण घ्या. झाकणातली स्प्रिंग आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक मात्रेने जास्त ठेवते. दाब अर्धा वातावरण जास्त असेल तर पाणी सुमारे ११२ अंशांना उकळते, एक वातावरण जास्त असेल तर १२० अंशांना. मुलांनी ‘दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो’ हे शिकलेले असते. आता समजा, आत ६ लिटर पाणी ११० अंशांवर न उकळता बसले आहे आणि कुणी झाकण उघडले. दाब गेला. वरच्या १० अंशांची उष्णता ६ × ४.२ × १० म्हणजे सुमारे २५० किलोज्यूल होते. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२५० किलोज्यूल लागतात. म्हणजे ११० ग्रॅमच्या आसपास पाण्याची एकाएकी वाफ होईल. आकडा छोटा वाटतो. पण १ ग्रॅम वाफ सुमारे १.७ लिटर जागा घेते. क्षणार्धात जवळजवळ १९० लिटर वाफ! ती उकळते पाणी बरोबर घेऊन उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. घाटात बंद पडलेल्या गाड्यांपाशी असे हात-तोंड पोळल्याच्या कहाण्या कुणी ऐकल्या नाहीत?

‘गरम असताना झाकण उघडू नये’ हे पुस्तिकेत ठळक अक्षरांत असते. अप्रकट उष्णता पाठ्यपुस्तकात असते. पण ही नुसती सूचना नाही, ते एक उदाहरण सोडवण्यासारखे गणित आहे, हे दोघांपैकी कुणीच सांगत नाही. ज्याने हे गणित एकदा स्वतः केले तो झाकणाला हात लावण्यापूर्वी थांबेल.

आमची अपेक्षा

पुस्तिका लिहिणाऱ्यांकडून आमचे मागणे मोठे नाही. ‘उलट क्रम’ लिहावा, पण त्याखाली चार ओळी जोडाव्यात. कोणती गोष्ट नवी लागेल, कोणती मोजून ठरवावी लागेल, आत काय अडकू शकते, आणि मूळ बिघाडाचे कारण काय असू शकते.

शिक्षकांना आम्ही एक प्रयोग सुचवतो. स्पेअर पार्टच्या दुकानातून थर्मोस्टॅट आणा. तो दोऱ्याने पाण्याच्या पातेल्यात टांगा, तळाला टेकू देऊ नका. शेजारी तापमापक धरा आणि पाणी सावकाश तापवा. झडप कोणत्या तापमानाला उघडू लागते, पूर्ण कधी उघडते, आणि गार होताना त्याच तापमानाला मिटते का, ते मुलांना नोंदवायला सांगा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधू नये. ते पातेल्यात मिळेल आणि ते आपल्या ‘उलट क्रमा’शी जवळचे आहे.

नव्या गाड्यांत पंप पुष्कळदा टायमिंग बेल्टच्या आड दडलेला असतो, काहींत तो विजेवर चालतो. पुष्कळ विजेच्या गाड्यांतही बॅटरी थंड ठेवायला द्रव आणि पंप असतोच. तो घरी बदलणे प्रत्येकाला जमणार नाही आणि त्यात कमीपणा नाही. पण पंप आपण बदला किंवा मिस्त्रीकडून बदलून घ्या, ‘हवा काढली का?’ एवढा प्रश्न विचारता आला पाहिजे.

त्या रविवारी हा प्रश्न आम्हाला सुचला नाही. अपकेंद्री पंपाचे समीकरण आम्हाला येत होते, पुस्तिका समोर उघडी होती. विहीर मात्र आमच्या मामेभावाने पाहिली होती.